बेरियाट्रिक सर्जरी केल्यावर डायबेटिस खरंच जातो का? पुण्यातल्या १५ पेशंटची गोष्ट काय सांगते?

डायबेटिसबद्दल आपल्याकडे एक गोष्ट डोक्यात पक्की बसलेली आहे. एकदा शुगर मागे लागली की ती आयुष्यभर सोबत राहते. आधी एक गोळी, मग दोन, मग तीन, मग इन्शुलिनचं इंजेक्शन. घरातल्या कुणाला ना कुणाला या पायऱ्या चढताना बहुतेकांनी पाहिलेलं असतं.

आणि त्याच वेळी मोबाईलवर एखादं रील येतं. 'एक ऑपरेशन आणि डायबेटिस कायमचा गायब!' खाली कमेंटमध्ये लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, हा सगळा हॉस्पिटलवाल्यांचा धंदा आहे. दुसरा म्हणतो, आमच्या मामांच्या गोळ्या खरंच बंद झाल्या.

यातलं खरं काय? ऑपरेशन होतं पोटाचं, मग शुगर कशी उतरते? आणि उतरली तर ती किती वर्षं टिकते?

हे समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही. या विषयावरचा जगभर चर्चेत आलेला एक अभ्यास पुण्यातच झाला होता.

पुण्यात नेमकं काय झालं होतं?

२०१० साली 'सर्जरी फॉर ओबेसिटी अँड रिलेटेड डिसीजेस' या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये एक पेपर छापून आला. लिहिणाऱ्यांमध्ये पुण्यातले बेरियाट्रिक सर्जन डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि अमेरिकेतले हार्मोनतज्ज्ञ डॉ. डेव्हिड कमिंग्ज होते.

पेशंट होते फक्त १५. सगळ्यांना टाइप २ डायबेटिस. त्यातले ८० टक्के लोक इन्शुलिन घेत होते. म्हणजे शुगर चांगलीच हाताबाहेर गेलेली. पण या पेशंटची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. ते फार लठ्ठ नव्हते.

त्यांचा बीएमआय २२ ते ३५ च्या दरम्यान होता, सरासरी २८.९. आता बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा. २८.९ म्हणजे किती? पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचं वजन साधारण ७८-७९ किलो असेल तर हा आकडा येतो. असा माणूस रस्त्यात दिसला तर कुणी त्याला लठ्ठपणाचा पेशंट म्हणणार नाही. फार तर 'जरा पोट सुटलंय' म्हणतील.

या सगळ्यांवर गॅस्ट्रिक बायपास करण्यात आली. एका महिन्यात ८० टक्के पेशंटची डायबेटिसची सगळी औषधं बंद झाली. तीन महिन्यांनी पंधराच्या पंधरा जणांची शुगर औषधाशिवाय नॉर्मल होती. उपाशीपोटीची सरासरी साखर २३३ वरून ८९ वर आली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी १०.१ वरून ६.१ टक्क्यांवर आला.

आकडे डोळे विस्फारायला लावणारे आहेत. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, पेशंट फक्त १५ होते. दोन, त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं ते नऊ महिने. डायबेटिस हा वर्षानुवर्षांचा आजार आहे, त्यामुळे नऊ महिन्यांवरून 'कायमचा गेला' असं म्हणता येत नाही. पुढे काय होतं ते खाली येईलच. आधी हे ऑपरेशन काय असतं ते पाहू.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

पहिला गैरसमज दूर करायला हवा. बेरियाट्रिक सर्जरी म्हणजे चरबी काढणं नाही. चरबी शोषून काढतात ते लायपोसक्शन. त्याने कंबर बारीक दिसते, शुगरवर त्याचा काही खास परिणाम होत नाही.

बेरियाट्रिक सर्जरीत जठरावर, म्हणजे आपण ज्याला पोटाची पिशवी म्हणतो तिच्यावर, आणि काही प्रकारांत लहान आतड्यावर काम होतं. दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून हे ऑपरेशन केलं जातं. मुख्य प्रकार दोन.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात. उरतं ते केळ्यासारखं लांबट, अरुंद जठर. काढलेला भाग परत बसवता येत नाही.

गॅस्ट्रिक बायपास : यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करतात. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी. ही पिशवी थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. त्यामुळे अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून खाली जातं. पुणे-मुंबई प्रवासात लोणावळ्याच्या बाजारपेठेत न शिरता बाहेरच्या रस्त्याने पुढे निघून जावं, तसं.

बायपासचाच एक सोपा प्रकार 'मिनी गॅस्ट्रिक बायपास' नावाने ओळखला जातो. भारतात तोही बराच होतो.

शुगर उतरते हे कळलं कसं?

डॉक्टरांनी हे ऑपरेशन डायबेटिससाठी शोधलेलं नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात डॉ. एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली ती वजन कमी करण्यासाठी. त्याच्याही आधी, अल्सरमुळे जठराचा भाग काढलेल्या काही पेशंटची शुगर सुधारल्याची नोंद १९५५ मध्ये झाली होती. पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आले डॉ. वॉल्टर पोरीस. त्यांनी अमेरिकेत १४ वर्षांत गॅस्ट्रिक बायपास केलेल्या ६०८ पेशंटचा हिशेब १९९५ मध्ये मांडला. त्यात डायबेटिस असलेल्या १४६ पैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झाली होती आणि नॉर्मलच राहिली होती. पेपरचं नावच 'कुणाला वाटलं असतं?' अशा अर्थाचं होतं.

यातली चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळी होती. वजन उतरायला महिने लागत होते, पण शुगर उतरत होती काही दिवसांत. काही पेशंट हॉस्पिटलमधून घरी जातानाच इन्शुलिन कमी किंवा बंद करून जात होते. किलो-दोन किलोही वजन धड उतरलेलं नसताना साखर खाली कशी आली?

वजन उतरायच्या आधी शुगर का उतरते?

याचं एकच एक उत्तर नाही. चार-पाच गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली गोष्ट, यकृत रिकामं होतं. टाइप २ डायबेटिसमध्ये बऱ्याच जणांच्या यकृतात चरबी साठलेली असते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' लिहिलेलं असतं ते हेच. असं यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. म्हणून काहीही न खाता सकाळची शुगर जास्त येते. ऑपरेशननंतर माणूस काही दिवस अगदी थोडं, पातळ अन्न घेतो. शरीर सगळ्यात आधी यकृतातली चरबी वापरायला काढतं आणि यकृत पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागतं.

ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये हे ऑपरेशनशिवाय दाखवलं. डायबेटिस असलेल्या ११ जणांना त्यांनी दिवसाला साधारण ६०० कॅलरींवर ठेवलं. एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. म्हणजे ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या चमत्काराचा मोठा वाटा निव्वळ कमी खाण्याचा आहे.

दुसरी गोष्ट, आतड्यातले हार्मोन. आतडं फक्त अन्न पुढे ढकलणारी नळी नाही. अन्न आलं की ते मेंदूला आणि स्वादुपिंडाला निरोप पाठवतं. त्यातला एक निरोप्या म्हणजे जीएलपी-१. हा हार्मोन स्वादुपिंडाला सांगतो की साखर येतेय, इन्शुलिन सोड. मेंदूला सांगतो की आता पोट भरलं. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचतं, त्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ आधीपेक्षा कित्येक पटींनी जास्त सुटतं. स्लीव्हनंतरही ते वाढतं.

तिसरी गोष्ट, भुकेचा हार्मोन. घ्रेलिन नावाचा हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो आणि भूक लावतो. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढून टाकतात.

चौथी गोष्ट, आतड्याचा टाळलेला भाग. डॉ. फ्रान्चेस्को रुबिनो यांनी २००४ मध्ये डायबेटिस असलेल्या, पण लठ्ठ नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला. जठर तसंच ठेवून फक्त आतड्याचा सुरुवातीचा भाग बायपास केला. वजनात फरक न पडताही साखर सुधारली. म्हणजे अन्नाने कुठला रस्ता घ्यावा याचाही काही परिणाम असावा, असा अंदाज पुढे आला.

याशिवाय पित्तातली आम्लं आणि आतड्यातले जिवाणू बदलतात. त्यांचाही हातभार लागतो.

मग ऑपरेशनमध्ये जादू आहे की फक्त कमी खाण्यात?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे आणि तो वाद सामान्य माणसाच्या कामाचा आहे.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने एक अभ्यास छापला. डायबेटिस असलेल्या २२ जणांचे दोन गट. ११ जणांनी डाएट करून वजन साधारण १८ टक्के कमी केलं, ११ जणांनी बायपास करून तेवढंच कमी केलं. मग दोघांची यकृत, स्नायू, इन्शुलिन अशी सगळी तपासणी झाली. निकाल जवळपास सारखा आला. डाएटने उतरलेलं १८ टक्के वजन आणि ऑपरेशनने उतरलेलं १८ टक्के वजन, दोन्हींचा फायदा तोच.

मग ऑपरेशन कशाला करायचं? कारण खरी अडचण वजन उतरवण्यात नाही, ते खाली ठेवण्यात आहे.

मेटाबॉलिझमचं काय होतं?

'माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे' हे वाक्य जिममध्ये रोज ऐकू येतं. मेटाबॉलिझम म्हणजे शरीर ऊर्जा कशी आणि किती खर्च करतं त्याचा सगळा कारभार. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला ऊर्जा लागतेच.

वजन उतरलं की शरीर घाबरतं. त्याच्या दृष्टीने हा दुष्काळ असतो. मग ते दोन्ही बाजूंनी आवळतं. खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या रिअ‍ॅलिटी शोमधल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं. पण त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असतं त्यापेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. ५०० कॅलरी म्हणजे जवळपास एका जेवणाचा फरक.

म्हणून दिवाळीनंतर डाएट सुरू करून संक्रांतीला सोडणाऱ्या माणसाला 'तुझ्यात जिद्दच नाही' म्हणणं चुकीचं आहे. त्याचं शरीर त्याच्याविरुद्ध काम करत असतं.

ऑपरेशननेही वजन उतरतं, त्यामुळे शरीराचा रोजचा खर्च कमी होतोच. मेटाबॉलिझम एकदम 'फास्ट' होतो, ही जाहिरातीतली भाषा आहे. फरक पडतो तो भुकेत. पुण्याच्या अभ्यासात सहभागी असलेल्या डॉ. कमिंग्ज यांनीच २००२ मध्ये दाखवलं होतं की डाएटने वजन उतरलं की घ्रेलिन वाढतं, पण बायपास झालेल्यांमध्ये ते खूप कमी राहतं. म्हणजे वजन उतरल्यावर शरीर भुकेचा जो भोंगा वाजवतं, तो ऑपरेशननंतर बराच हळू वाजतो. त्यामुळे उतरलेलं वजन टिकवणं सोपं जातं.

यात पुणे एवढं महत्त्वाचं का?

कारण भारतीयांचा डायबेटिस वेगळा का, याचं जगाला पटलेलं उत्तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधून आलं.

रास्ता पेठेतल्या या हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आतून पूर्ण वेगळे.

याला 'थिन-फॅट इंडियन' म्हणतात. बाहेरून बारीक, आतून चरबी. आणि हे जन्मापासून असतं. डॉ. याज्ञिक यांच्या टीमने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण पुण्याची बाळं कमी भरली ती स्नायूंमध्ये. त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती.

म्हणून गोऱ्या माणसाला ९५ किलोवर जो डायबेटिस होतो, तो आपल्याकडे ७० किलोच्या माणसालाही होतो. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या इंडियॅब सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात की देशात साधारण १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणूनच ऑपरेशनचे नियमही बदलले. लठ्ठपणावर ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या जागतिक आणि अमेरिकन संघटनांनी २०२२ मध्ये नवे निकष दिले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो वा नसो, ऑपरेशनचा सल्ला देता येतो. ३० च्या वर असेल आणि डायबेटिससारखा आजार असेल तर विचार करावा. आणि आशियाई लोकांसाठी हाच विचार २७.५ पासून करावा. पाच फूट पाच इंचाच्या माणसासाठी २७.५ म्हणजे साधारण ७५ किलो.

शुगर गेली तर ती किती दिवस जाते?

डॉक्टर इथे 'बरा झाला' असं म्हणत नाहीत. ते 'रिमिशन' म्हणतात. २०२१ मध्ये ठरलेल्या व्याख्येनुसार डायबेटिसची औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ते रिमिशन. आजार झोपलाय, गेलेला नाही, असा त्याचा अर्थ.

आता मोठे अभ्यास काय सांगतात ते पाहा.

पुण्याच्या टीमने पुढे 'कॉस्मिड' नावाची मोठी चाचणी केली. भारतीय पेशंट ८०, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला बायपास आणि दुसऱ्याला औषधं, आहार, व्यायाम. दोन वर्षांनी बायपासच्या गटात ६० टक्के लोक रिमिशनमध्ये होते. औषधांच्या गटात २.५ टक्के, म्हणजे ४० पैकी एक जण.

अमेरिकेतल्या 'स्टॅम्पीड' चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली ठेवू शकलेले लोक होते, बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के.

रोममधल्या ६० पेशंटच्या चाचणीत, १० वर्षांनंतरही ऑपरेशन झालेल्यांपैकी ३७.५ टक्के लोक रिमिशनमध्ये होते.

स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के लोक रिमिशनमध्ये होते. १५ वर्षांनी हा आकडा ३० टक्क्यांवर आला.

म्हणजे 'कायमचा गायब' हा दावा बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरत नाही. बऱ्याच जणांची शुगर काही वर्षांनी परत येते. पण त्याच स्वीडिश अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ऑपरेशन झालेल्यांमध्ये डोळे, किडनी, नसा यांना डायबेटिसमुळे होणारा त्रास दुसऱ्या गटाच्या साधारण निम्म्यावर होता. शुगर परत आली तरी मधली नॉर्मल वर्षं फुकट जात नाहीत.

कुणाला फायदा कमी होतो?

सगळा खेळ स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करण्याची ताकद किती उरली आहे यावर असतो. आतड्याने कितीही निरोप पाठवले, तरी निरोप घेणाऱ्या पेशीच संपल्या असतील तर उपयोग काय?

म्हणून डायबेटिस होऊन जितकी कमी वर्षं झाली, तितका फायदा जास्त. स्टॅम्पीडमध्ये आठ वर्षांपेक्षा कमी काळ डायबेटिस असलेल्यांचे निकाल चांगले होते. पंधरा-वीस वर्षं जुनी शुगर आणि बरीच वर्षं इन्शुलिन असेल तर रिमिशनची शक्यता घसरते. औषधं कमी होतील, बंद होतीलच असं नाही.

स्वादुपिंडाची ताकद कळण्यासाठी सी-पेप्टाइड नावाची रक्ततपासणी असते. वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि आजाराची वर्षं या चार गोष्टी धरून काढलेला 'एबीसीडी स्कोअर' अनेक डॉक्टर वापरतात.

भारतीयांसाठी हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा आहे. डॉ. याज्ञिक आणि स्वीडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कमी वयात टाइप २ डायबेटिस झालेल्या पुण्याच्या १६१२ पेशंटचा अभ्यास छापला. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त लोक इन्शुलिन फारच कमी तयार होणाऱ्या गटात बसत होते. अशा बारीक, इन्शुलिन कमी पडणाऱ्या पेशंटने शेजारच्याचं बघून ऑपरेशनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टाइप १ डायबेटिस या ऑपरेशनने जात नाही.

धोके आणि पथ्यं

अनुभवी हातात हे ऑपरेशन बऱ्यापैकी सुरक्षित मानलं जातं. मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन एवढा सांगितला जातो. पण टाके गळणं, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होणं हे धोके असतात. स्लीव्हनंतर काहींना अ‍ॅसिडिटी वाढते. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात.

खरी परीक्षा नंतर असते.

जीवनसत्त्वं : बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं आणि रक्त तपासत राहावं लागतं. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी १२ आधीच कमी असतं, मेटफॉर्मिनने ते आणखी कमी होऊ शकतं. ऑपरेशननंतर दुर्लक्ष केलं तर हातापायाला मुंग्या आणि नसांचं नुकसान होऊ शकतं.

प्रोटीन : दिवसाला किमान ६० ग्रॅमचं लक्ष्य दिलं जातं. छोट्या पोटात आधी भात-पोळी गेली की मटकीची उसळ, पनीर, दही, अंडं, मासे यांना जागाच उरत नाही. म्हणून ताटात आधी प्रोटीन संपवायचं.

गोड : बायपासनंतर आमरस, श्रीखंड, जिलेबी पटकन खाल्ली तर धडधड, घाम, पोटात कळ, चक्कर येऊ शकते. याला डंपिंग म्हणतात. काहींची साखर जेवणानंतर दोन-तीन तासांनी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते.

उपास : साबुदाणा खिचडी आणि वेफर्सवर दिवस काढणं या पोटाला परवडत नाही. उपास करायचाच असेल तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांशी बोलूनच.

दारू : बायपासनंतर ती फार लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो.

औषधं : पेनकिलरच्या काही गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होतो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून खाणं बंद. शुगर कमी करणाऱ्या ज्या औषधांची नावं 'ग्लिफ्लोझिन'ने संपतात, ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवावी लागतात. ते डॉक्टरच ठरवतात.

गर्भधारणा : पहिले १२ ते १८ महिने टाळायला सांगतात. आधी वजनामुळे गर्भ राहत नसेल तर वजन उतरल्यावर तो अनपेक्षितपणे राहू शकतो.

डोळे : शुगर एकदम खाली आली की आधीपासून खराब झालेला डोळ्याचा पडदा काही काळ बिघडू शकतो. ऑपरेशनआधी डोळे तपासायलाच हवेत.

आता इंजेक्शन आली आहेत, मग ऑपरेशन कशाला?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोवी भारतात आलं. ही औषधं तोच जीएलपी-१ हार्मोनचा निरोप बाहेरून देतात. म्हणजे ऑपरेशनमुळे आतड्यात जे घडतं, त्यातला एक मोठा भाग आठवड्याच्या इंजेक्शनमध्ये आला. मौंजारो त्यासोबत आणखी एका आतड्यातल्या हार्मोनचं काम करतं.

फरक एवढाच की इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं वजन परत येऊ लागतं. ऑपरेशनचा खर्च एकदाच आणि मोठा, इंजेक्शनचा महिन्याच्या महिन्याला. पण ऑपरेशन उलटं फिरवणं अवघड असतं किंवा अशक्य, इंजेक्शन कधीही थांबवता येतं. आजार नवा असेल तर तिसरा रस्ताही आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत सहा वर्षांपर्यंतचा डायबेटिस असलेल्या लोकांनी कडक कमी कॅलरीचा आहार घेतला, त्यातले ४६ टक्के लोक वर्षभराने रिमिशनमध्ये होते. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

विमा पैसे देतो का?

इथे पुण्यातल्या त्या ७८ किलोच्या पेशंटची खरी अडचण होते. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या अटींनुसार वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर या ऑपरेशनला विमा संरक्षण मिळू शकतं. किंवा बीएमआय ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, उपचार करूनही नियंत्रणात न येणारा टाइप २ डायबेटिस अशांपैकी आजार असावा लागतो.

पाच फूट पाच इंचाच्या माणसासाठी ३५ म्हणजे साधारण ९५ किलो. डॉक्टरांचे निकष ७५ किलोपासून विचार करा म्हणतात, विम्याचे निकष ९५ किलोला दार उघडतात. मधल्या २० किलोंत अडकलेल्या माणसाला, शुगर कितीही बिघडली असली तरी, बिल बहुधा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. आणि भारतात डायबेटिस असलेले बरेच जण याच मधल्या जागेत असतात. त्यामुळे ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी पॉलिसीचं पुस्तक वाचा, वेटिंग पिरियड बघा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

डॉक्टरांना काय विचारायचं?

ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल, तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. माझा सी-पेप्टाइड किती आहे? रिमिशनची शक्यता किती धरायची?
२. माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का?
३. तुमच्याकडे सर्जनसोबत डायबेटिसचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आहेत का? पाच वर्षांनी माझा फॉलोअप कोण घेणार?
४. ऑपरेशननंतर कुठल्या गोळ्या लगेच बंद होतील, कुठल्या चालू राहतील?
५. आयुष्यभराच्या सप्लिमेंट आणि तपासण्यांचा वर्षाचा खर्च किती?
६. शुगर किंवा वजन परत आलं तर पुढचा मार्ग काय?

या प्रश्नांची उत्तरं द्यायला डॉक्टर तयार नसतील आणि 'या आठवड्यात केलं तर डिस्काउंट' असं ऐकू आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं. हे वाचून कुणीही आपल्या किंवा घरच्यांच्या शुगरच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि रिपोर्ट नॉर्मल आलेत, त्यांनीही वर्षातून किमान एकदा एचबीए१सी, डोळे, किडनी आणि बी १२ तपासून घ्यावं. शुगर परत आलीच तर ती लवकर कळलेली बरी.